लॅटव्हियन शिकताना मराठी कुठे हात देते, कुठे फसवते

प्रश्न थोडक्यात असा: रिगात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने लॅटव्हियनची पहिली पायरी ओलांडली आहे, रोजचं बोलणं जमतं, पण लिहायला बसलं की गोंधळ होतो. ‘पुस्तक’साठी कधी ‘ग्राऽमाता’ आणि कधी ‘ग्राऽमातु’? ‘मला’ म्हणजे ‘मान’ की ‘मानि’? नामाआधीच्या अव्ययांना कोणती विभक्ती लागते? आणि ‘ब्राऽलिस’चं मध्येच ‘ब्राऽल्या’ का होतं?

आधी लिपीबद्दल, कारण लॅटव्हियन रोमन लिपीत लिहिली जाते आणि इथे शब्द देवनागरीत आहेत. या उत्तरात काना म्हणजे ऱ्हस्व ‘आ’, आणि काना अधिक अवग्रह (ाऽ) म्हणजे दीर्घ ‘आ’. ‘ए’चंही तसंच. इकार-उकार मराठीप्रमाणेच, ऱ्हस्व ते ऱ्हस्व आणि दीर्घ ते दीर्घ. ‘उओ’ आणि ‘इए’ हे जोडस्वर एका दमात म्हणायचे. मूळ लिखाणात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. ती रेघ म्हणजे सजावट नव्हे. ‘काझास’ म्हणजे शेळ्या आणि ‘काऽझास’ म्हणजे लग्न. ‘पिले’ म्हणजे थेंब आणि ‘पीले’ म्हणजे बदक.

मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते आणि ती व्याकरणापर्यंत पोचते. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम आहे (‘आणि’सारखे अपवाद सोडून), आणि तोंडालाही तीच सवय असते. लॅटव्हियनमध्ये मात्र शेवटच्या स्वराची लांबी ही विभक्तीच असते. ‘तिर्गुस’ म्हणजे बाजार. ‘एयु उझ तिर्गु’ म्हणजे बाजाराकडे जातो, ही द्वितीया. ‘तिर्गू’ म्हणजे बाजारात, ही सप्तमी. ‘ब्राऽलि’ म्हणजे भावाला (द्वितीया), तर ‘ब्राऽली’ म्हणजे भावामध्ये. ‘माऽया’ म्हणजे घर आणि ‘माऽयाऽ’ म्हणजे घरात. शेवटचा स्वर मराठी सवयीने ओढला की अशा शब्दांत द्वितीयेची किंवा प्रथमेची सप्तमी होते. सरावासाठी शब्द एकटा म्हणू नका, अशा जोड्या म्हणा, आणि ऱ्हस्व रूप मुद्दाम तोडून म्हणा. दुसरी गोष्ट: ऱ्हस्व ‘आ’ म्हणजे मराठी ‘अ’ नव्हे. तोंड ‘आ’इतकंच उघडायचं, वेळ निम्मा. शब्दाच्या शेवटी तो गिळायचा तर नाहीच, कारण ‘ग्राऽमाता’तला शेवटचा ‘आ’ गेला की लिंग आणि विभक्ती दोन्ही गेली.

त, द आणि च या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. लॅटव्हियन त-द दंत्यच आहेत, इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणू नका. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च हा फरक मराठीत जन्मतःच मिळतो, आणि लॅटव्हियनमध्ये त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. पहिला इथे ‘त्स’ असा लिहिला आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘ला’ हा मराठी प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचं काम करतो. लॅटव्हियनमध्ये त्या दोन विभक्ती काटेकोर वेगळ्या आहेत. ‘विन्य्श मान दुओद’ म्हणजे तो मला देतो, ही चतुर्थी. ‘विन्य्श मानि पाझीस्त’ म्हणजे तो मला ओळखतो, ही द्वितीया. दोन्हीकडे मराठीत ‘मला’च.

ओळखायची युक्ती मराठीतच सापडते. व्यक्तीच्या जागी निर्जीव वस्तू ठेवा. ‘मला ओळखतो’चं ‘गाणं ओळखतो’ होतं, ‘ला’ गळतो. म्हणून द्वितीया, ‘मानि’. ‘मला देतो’चं ‘झाडाला पाणी देतो’ होतं, ‘ला’ टिकतो. म्हणून चतुर्थी, ‘मान’. ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते. मदत करणे (‘पालीद्झि मान’), आईला फोन करणे (‘झ्वानीत माम्माइ’), शिक्षकांना विचारणे, या सगळ्यांना चतुर्थी लागते, मराठी मनाला पटते तशीच. कसोटी जिथे फसते ती दोन रोजची वाक्यं सरळ पाठ करावी. एक, ‘मानि साउत्स’ म्हणजे मला अमुक म्हणतात, म्हणजेच माझं नाव अमुक. दुसरं, ‘मानि इन्तेरेसेऽ मूझिका’ म्हणजे मला संगीतात रस आहे. दोन्हीकडे द्वितीया. ओळख करून देताना ‘मान साउत्स’ ही पहिल्याच वाक्यातली चूक फार ऐकू येते.

चतुर्थीतला कर्ता मात्र मराठी माणसाला फुकट मिळतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ‘मान पातीक’ (मला आवडतं), ‘मान लिएकास’ (मला वाटतं), ‘मान गार्शुओ काफिया’ (मला कॉफीची चव आवडते) ही रचना समजायला आठवडे लागतात. मराठीत ती आईच्या तोंडची आहे. आवडणारी वस्तू प्रथमेत, हेही मराठीसारखंच. फक्त अवयव दुखतो तेव्हा मराठीत षष्ठी येते, ‘माझं डोकं दुखतं’. लॅटव्हियनमध्ये तिथेही चतुर्थीच, ‘मान साऽप गाल्वा’. ‘माझं’ म्हणून सुरुवात केली तर वाक्य कळतं, पण लॅटव्हियन वाटत नाही.

असणं-नसणंही चतुर्थीतच. ‘मान इर माऽसा’ म्हणजे मला बहीण आहे. मराठीत नात्याला ‘मला’ आणि पैशाला ‘माझ्याकडे’ असा भेद आहे. लॅटव्हियनमध्ये दोन्हीला ‘मान इर’. नकार आला की मात्र वस्तू षष्ठीत जाते: ‘मान नाउ माऽसास’, ‘मान नाउ लाइका’ (मला वेळ नाही), ‘मान नाउ नाउदास’ (पैसे नाहीत). मराठीत असं काही होत नाही, त्यामुळे हे मुद्दाम घोटावं लागतं. यात उलटी चूकही होते. नियम पाठ झाला की लोक प्रत्येक ‘नाउ’नंतर षष्ठी लावतात. ‘तो डॉक्टर नाही’ या वाक्यात अभाव सांगितलेला नाही, ओळख नाकारली आहे, तिथे प्रथमाच राहते. ‘नाउ’ म्हणजे ‘अस्तित्वात नाही’ किंवा ‘जवळ नाही’ असा अर्थ असेल तरच षष्ठी.

आता ‘ग्राऽमाता’ आणि ‘ग्राऽमातु’. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही: ‘मी पुस्तक वाचतो’. म्हणून मराठी माणूस बिनदिक्कत ‘एस लासु ग्राऽमाता’ म्हणतो. चूक. लॅटव्हियनमध्ये सजीव-निर्जीव असा भेद नाही, कर्माला द्वितीया हवीच: ‘एस लासु ग्राऽमातु’. हे पक्कं झाल्यावर धक्का देणारी रचना येते, ती म्हणजे ‘करावं लागतं’ या अर्थाची. क्रियापदाच्या वर्तमानकाळी तृतीय पुरुषी रूपाआधी ‘याऽ’ लावायचा, कर्ता चतुर्थीत, कर्म प्रथमेत: ‘मान याऽलासा ग्राऽमाता’. मराठीशी शब्दाला शब्द जुळतं: मला पुस्तक वाचावं लागतं. इथे प्रत्यय न लावण्याची मराठी सवय बरोबर ठरते, आणि नुकताच द्वितीयेचा नियम शिकलेला माणूस ‘ग्राऽमातु’ म्हणून चुकतो.

या रचनेचे बारकावे असे. भूतकाळ ‘मान बिया याऽलासा’, भविष्यकाळ ‘मान बूस याऽलासा’. ‘याऽलासा’ हलत नाही, फक्त आधीचं ‘असणे’ बदलतं. मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं (पुस्तकं वाचावी लागतात), लॅटव्हियनमध्ये अनेकवचनातही तेच रूप: ‘मान याऽलासा दिवास ग्राऽमातास’. प्रथम आणि द्वितीय पुरुषाची सर्वनामं कर्म असतील तर ती द्वितीयेतच राहतात: ‘मान तेवि याऽगाइदा’, मला तुझी वाट बघावी लागते. आणि ‘असणे’चं रूप अनियमित आहे, ‘याऽबूत’, मूळ धातुरूपावरून.

‘मला पुस्तक वाचायचं आहे’ या मराठी वाक्यात इच्छा आणि गरज दोन्ही मावतात. लॅटव्हियनमध्ये ठरवावं लागतं. इच्छा असेल तर ‘एस ग्रिबु लासीत ग्राऽमातु’, म्हणजे कर्ता प्रथमेत आणि कर्म द्वितीयेत. गरज असेल तर ‘मान याऽलासा ग्राऽमाता’. नकारातला धोका याहून मोठा आहे. ‘मान नाउ याऽलासा’ म्हणजे वाचायची गरज नाही. ‘वाचायचं नाही’ अशी मनाई करायची असेल तर वेगळं क्रियापद आहे, आणि तिथे कर्ता प्रथमेत येतो: ‘एस नेद्रीक्स्तु लासीत’, मला वाचायची परवानगी नाही. औषधाच्या किंवा नियमांच्या सूचनेत या दोघांची अदलाबदल झाली तर अर्थ उलटा होतो.

भूतकाळातही मराठीची एक सवय आड येते. ‘तिने पुस्तक वाचलं’ यात क्रियापद पुस्तकाशी जुळतं. लॅटव्हियनच्या पूर्ण काळांत कृदंत नेहमी कर्त्याशी जुळतं: ‘विन्या इर इझ्लासीयुसि ग्राऽमातु’, आणि तो असेल तर ‘इझ्लासीयिस’. कर्त्याला ‘ने’सारखं काही लागत नाही. इथला ‘इझ’ हा उपसर्ग काम संपल्याचं सांगतो; मराठी ‘वाचून काढणे’, ‘खाऊन टाकणे’ यांतली दुसरी क्रियापदं जे करतात ते काम लॅटव्हियनमध्ये उपसर्ग करतात. कोणत्या धातूला कोणता उपसर्ग, हे शब्दाबरोबरच पाठ करावं. नियम शोधण्यात वेळ जातो आणि हाती फारसं लागत नाही.

नामाआधी येणाऱ्या अव्ययांचं गणित दिसतं तितकं अवघड नाही. एकवचनात प्रत्येकाची विभक्ती ठरलेली: ‘नुओ’ (पासून), ‘पिए’ (जवळ), ‘बेझ’ (शिवाय) यांना षष्ठी, ‘पार’ (विषयी), ‘आर’ (सोबत) यांना द्वितीया, ‘लीद्झ’ (पर्यंत) याला चतुर्थी. म्हणून ‘नुओ वेइकाला’ (दुकानातून), ‘बेझ त्सुकुरा’ (साखरेशिवाय), ‘आर द्राउगु’ (मित्राबरोबर), ‘लीद्झ वेइकालाम’. अनेकवचनात मात्र ही सगळी अव्ययं चतुर्थीच घेतात: ‘नुओ वेइकालिएम’, ‘आर द्राउगिएम’, ‘पिए द्राउगिएम’. अपवाद शोधत बसू नका. नामानंतर येणारं ‘देऽल्य’ (मुळे) मात्र या सवलतीत बसत नाही, ते अनेकवचनातही षष्ठीच मागतं: ‘बॅऽर्नु देऽल्य’, मुलांमुळे. योगायोगाने हेच अव्यय मराठीसारखं नामामागून येतं.

‘उझ’ला दोन विभक्ती आहेत आणि अर्थ त्यावर ठरतो. ‘उझ गाल्दा’ म्हणजे टेबलावर (षष्ठी), ‘उझ गाल्दु’ म्हणजे टेबलाकडे (द्वितीया). अनेकवचनात दोन्हीला ‘उझ गाल्दिएम’, अर्थ संदर्भातून. शहराला जाताना ‘उझ रीगु’. घरी जाताना मात्र ‘माऽयाऽस’, म्हणजे सप्तमी, अगदी मराठी ‘घरी’सारखी, राहण्यालाही तेच आणि जाण्यालाही तेच.

‘ब्राऽलिस’चं ‘ब्राऽल्या’ होण्यामागे जे आहे ते मराठी माणूस रोज करतो. पाणी अधिक ‘आ’ म्हणजे ‘पाण्या’: इकार पुढच्या स्वराआधी ‘य’ होतो. ‘-इस’ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामांत तेच घडतं. ‘गुल्बिस’ (हंस) याची षष्ठी ‘गुल्ब्या’, यात तो ‘य’ स्वच्छ दिसतो. ‘ल’, ‘न’ यांच्यानंतर तो व्यंजनात मिसळून मऊ ‘ल्य’, ‘न्य’ होतो. त, द, स, झ, त्स यांच्यानंतर व्यंजनच बदलतं: त आणि स चा श, द आणि झ चा झ्य, त्स चा च. ‘लात्विएतिस’ (लॅटव्हियन माणूस) चं ‘लात्विएशा’, ‘ब्रिएदिस’ (सांबराच्या जातीचं हरीण) चं ‘ब्रिएझ्या’, ‘लाऽत्सिस’ (अस्वल) चं ‘लाऽचा’.

बदल कुठे होतो हे नेमकं लक्षात ठेवा, कारण मराठीचं सामान्यरूप सगळ्या प्रत्ययांआधी येतं आणि तीच सवय इथे नडते. एकवचनात बदल फक्त षष्ठीत: ‘ब्राऽल्या’. चतुर्थी ‘ब्राऽलिम’, द्वितीया ‘ब्राऽलि’, सप्तमी ‘ब्राऽली’, यांत काही नाही. अनेकवचनात मात्र सगळीकडे: ‘ब्राऽल्यि’, ‘ब्राऽल्यु’, ‘ब्राऽल्यिएम’. ‘-ए’ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामांत बदल फक्त अनेकवचनी षष्ठीत: ‘उपे’ (नदी) चं ‘उप्यु’, ‘साउले’ (सूर्य, इथे स्त्रीलिंगी) चं ‘साउल्यु’. अपवाद थोडे पण रोजच्या वापरातले आहेत: ‘पासे’ (पासपोर्ट) चं ‘पासु’, ‘विएसिस’ (पाहुणा) चं ‘विएसा’, आणि ‘वाल्दिस’सारख्या, ‘-तिस’ किंवा ‘-दिस’ने संपणाऱ्या दोन अक्षरी नावांचं ‘वाल्दा’.

‘-स’ने संपणारं प्रत्येक नाम पुल्लिंगी नसतं. ‘पिल्स’ (किल्ला), ‘नाक्त्स’ (रात्र), ‘सिर्द्स’ (हृदय), ‘झिव्स’ (मासा), ‘वाल्स्त्स’ (देश) ही स्त्रीलिंगी आहेत आणि त्यांची षष्ठी एकवचनात प्रथमेसारखीच दिसते. म्हणून वहीत नाम एकटं लिहू नये. प्रथमा, षष्ठी एकवचन आणि षष्ठी अनेकवचन अशी तीन रूपं लिहावी. ‘पिल्स, पिल्स, पिल्यु’ असं पाहिलं की लिंग आणि बदल दोन्ही कळतात. शंका आली तर ‘तेझाउर्स’ हा ऑनलाइन शब्दकोश पूर्ण रूपावली दाखवतो. क्रियापदाची चार रूपं लिहावी: मूळ रूप, ‘मी’ वर्तमान, ‘मी’ भूत आणि तृतीय पुरुष वर्तमान. ‘साप्रास्त, साप्रुओतु, साप्रातु, साप्रुओत’ (समजणे). चौथं रूप ‘याऽ’साठी लागतंच, आणि ते एकवचन-अनेकवचनाला एकच असतं.

विशेषणांची दोन रूपं, निश्चित आणि अनिश्चित, यांना लोक उगाच घाबरतात. ‘माऽया इर बाल्ता’ म्हणजे घर पांढरं आहे. ‘बाल्ताऽ माऽया’ म्हणजे ते, माहीत असलेलं पांढरं घर. ‘हा’, ‘तो’, ‘माझा’ यांच्या मागे बहुधा निश्चित रूप: ‘मान्स याउनाइस द्राउग्स’, माझा नवा मित्र. विधेयात साधारणपणे अनिश्चित. एवढ्यावर बरेच दिवस निघतात.

‘साव्स’ (आपला, स्वतःचा) मात्र टाळता येत नाही. ‘विन्य्श लासा सावु ग्राऽमातु’ म्हणजे तो स्वतःचं पुस्तक वाचतो. ‘विन्या ग्राऽमातु’ म्हटलं तर पुस्तक दुसऱ्याच कुणाचं तरी. मराठीत ‘मी माझं पुस्तक वाचतो’ चालतं, लॅटव्हियनमध्ये ‘मी’ कर्ता असतानाही ‘सावु’ हवं. शिवाय ‘विन्या’ म्हणजे ‘ती’ही आणि ‘त्याचा’ही, ‘तिचा’ म्हणजे ‘विन्यास’.

आकड्यांत दोन सापळे. एकने संपणाऱ्या संख्येला, अकरा सोडून, एकवचन लागतं: 21 वर्षं म्हणजे ‘दिव्देस्मित विएन्स गाद्स’, पण 22 ला ‘गादि’. आणि ‘पुस्देविन्यि’ हा शब्दशः ‘अर्धे नऊ’ आहे, म्हणजे साडेआठ. मराठी ‘साडे’ मागच्या तासात मिळवतो, लॅटव्हियन ‘पुस’ पुढच्या तासातून उणं करतो. मुलाखतीची वेळ ऐकताना एक तासाचा घोळ याच ठिकाणी होतो.

बातम्या वाचायला लागलात की ‘-उओत’ने संपणारी क्रियापदं दिसतील: ‘विन्य्श रीगाऽ स्त्राऽदाऽयुओत’. याचा मराठी अर्थ एका शब्दाने पुरा होतो: तो रिगात काम करतो म्हणे. सांगणारा स्वतः हमी घेत नाही. वाचताना ओळखता आलं तरी पुरे, वापरायची घाई नको.

उघडा आणि मिटलेला ‘ए’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण अर्थ फिरवू शकतो: ‘एस ॲऽदु’ म्हणजे मी खातो, ‘एस एऽदु’ म्हणजे मी खाल्लं. ढोबळ नियम असा की पुढच्या अक्षरात इ, ए किंवा मऊ व्यंजन असेल तर ‘ए’, नाहीतर ‘ॲ’. भूतकाळाचा मिटलेला ‘ए’ त्याला अपवाद आहे. जोडीला अक्षरांवरचे सूरही आहेत, तेही लिहिले जात नाहीत, आणि खुद्द लॅटव्हियन लोक ते प्रदेशाप्रमाणे वेगवेगळे उच्चारतात. ते सध्या सोडून द्या. आघात पहिल्या अक्षरावर ठेवा. ‘पाल्दिएस’ (धन्यवाद) आणि ‘लाब्दिएन’ (नमस्कार) या दोघांत मात्र तो दुसऱ्यावर असतो.